शुक्रवारी उचलायची फुलं

आमचे कायदेकाका मुळातच संशयी. ते दफनभूमीचे रखवालदार आणि फाटकासमोर माझं दगड कोरायचं दुकान, त्यामुळे त्यांच्या शंकाकुशंका आधी माझ्याच कानावर. प्लास्टिकची फुलं नकोत, काचेचं भांडं नको, कठड्याबाहेर काही नको, आणि शुक्रवारी सकाळी असेल नसेल ते सगळं उचललं जाईल. नियमांचा हा फलक त्यांनी स्वतः रंगवलेला. एका आजोबांनी नातीच्या थडग्यावर भिरभिरं खोचलं, तेही यांनी काढायला लावलं. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं होतं.

दर शुक्रवारी काका आणि झाडलोट करणारी आक्का ओळी वाटून घेऊन फुलं उचलायचे. भिंतीकडची शेवटची ओळ काकांची. काकू गेल्या, त्यांना पुरलं तेही याच ओळीत. त्यांचा दगड मी कोरला, पण काकांनी त्यावर कधी एक पाकळीही ठेवली नाही. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "जिवंतपणी तरी कुठे पटत होतं?" असं बोललं जायचं.

आणि एके दिवशी तिथे फुलं दिसली. पांढरी, ताजी, पत्र्याच्या डब्यात. अगदी नियमात बसणारी, म्हणून काढताही येईनात. पुढच्या शुक्रवारी काकांनी ती दातओठ खात उचलली, तर दुपारी पुन्हा तिथे फुलं. या वेळी लालभडक.

ते तडक माझ्या दुकानात आले. "लाल फुलं कोण कुणाला देतं रे?"

"मला काय विचारता?"

"तुलाच विचारतो. तिच्या नावाखाली ती वेल कोरलीस, ती कोणी सांगितली होती?"

म्हणजे संशय माझ्यावर! मी त्यांना दुकानाबाहेर काढलं. पण संशय साथीच्या रोगासारखा असतो, मलाही लागला. लग्नाआधी काकू शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. तिथले म्हातारे मास्तर नेमके शुक्रवारी आमच्या रस्त्याने जायचे. कशाला जायचे? मी हे काकांजवळ बोललो मात्र, ते मास्तरांच्या मागे मागे बाजारापर्यंत गेले. मास्तर दाताच्या डॉक्टरकडे शिरले.

तरी काकांचं मन काही निवेना. जेवणाचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला. एकदा म्हणाले, "इतका संसार केला, पण मी तिला ओळखलंच नव्हतं की काय?" मला त्यांचा राग होताच, तरी म्हटलं, दोघं मिळून पाळत ठेवू.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं भिंतीआड उभे राहिलो. आक्का आली. उचललेल्या फुलांच्या ढिगातून तिने चार बरी निवडली आणि काकूंच्या डब्यात खोचली.

"कोणी सांगितलं तुला हे?" काका ओरडले.

"सांगायला कोण हवं? फेकायचीच असतात. सगळीकडे फुलं, आणि साहेबांच्याच बाईचा दगड बोडका. लोक नाही नाही ते बोलतात. मला ऐकवत नाही."

काका कठड्यावर बसले.

"मग तुम्ही का नाही आणत?" मी विचारलं.

"आणली की शुक्रवारी मलाच उचलावी लागणार," ते म्हणाले. "तिला एकदा मातीत पोचवलं, तेवढं पुरे झालं. दर आठवड्याला कुठून बळ आणू?"

आक्काने डोळ्याला पदर लावला.

दोन दिवसांनी काका बाजारातून फुलं घेऊन आले. ठेवली, आणि परतताना आक्काजवळ थांबले.

"शेवटची ओळ यापुढे तू घे," ते म्हणाले. "उचलशील तेव्हा मला हाक मारू नकोस."