अक्काच्या हिरड्या

अक्काच्या तोंडाला वास यायचा, हे मला माहीत होतं. आधी हेच सांगून टाकतो. पुढचं लिहायला बरं पडेल.

अक्का माझी थोरली बहीण. सासर रावेरचं. नवरा गेल्यावर जळगावला माझ्याकडे राहायला आली, साखरेचा आजार सोबत घेऊनच. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दारात कोण आलंय ते ती आवाजावरून ओळखायची. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली आणा, मग ऑपरेशन." साखर काही खाली येईना. गोळ्या वाढवून झाल्या.

मग तिच्या ताटाचा ताबा मी घेतला. भात बंद. दोन्ही वेळा कळण्याची भाकरी आणि पालेभाजी. ज्वारी-उडदाचं पीठ साखरेला चांगलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. ती निम्मी भाकरी टाकायची. मी म्हणायचो, "नखरे नकोत, अक्का."

एकदा तिच्या खाटेखाली केळीची सालं सापडली. तिच्या पुतण्याने रावेरहून फण्या पाठवल्या होत्या. घरात पाहुणे बसलेले. मी सालं हातात धरून बाहेर आलो.

"बघा. आम्ही दवाखाने करतोय, आणि ही चोरून केळी खातेय."

"रावेरची सून आहे, केळ्याशिवाय राहील का!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अक्काही हसली, तोंडावर पदर धरून. पदर ती हल्ली कायमच धरायची.

पुढच्या तपासणीला साखरेच्या डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली आणि माझ्याकडे पाहिलं. हिरड्यांतून पू येत होता. दात हलत होते.

"आजी, जेवता कसं?"

"भाकर चावाले गेलं का रगत येते. केळं चावा लागत नाही ना. मशेरी लावली का दुख थांबते थोडं."

"घरात सांगितलं नाही?"

"भाऊले आधीच लय ताप माह्या."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांखालचं कीटण खरवडून काढलं, काही दात काढले, मशेरी बंद करायला लावली. म्हणाल्या, हिरड्यांची सूज हिरड्यांपुरती राहत नाही, साखरही तिच्यामुळे अडून बसते. पण नुसत्या एवढ्यावर विसंबू नका, गोळ्या चालू ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला दिलं. सूज दाखवणारा आकडा बराच उतरला होता. साखरही उतरली होती. थोडीच, पण ऑपरेशनला चालेल इतकी. गोळ्या त्याच होत्या. भाकरी तर तिला चावत नाही म्हणून मीच बंद केली होती. रिपोर्ट धरून लॅबच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही.

इतके महिने जेवताना मी माझं ताट तिच्यापासून लांब ओढून घ्यायचो. बायको म्हणाली होती, दातवाल्याला दाखवू या. मी म्हटलं, वय झालं की येतोच वास. खरं तर मला किळस यायची. साखरेवरून ओरडणं त्यापेक्षा सोपं होतं.

ऑपरेशन झालं. अक्का आता चेहरे ओळखते. वासाचं मला माहीत होतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. परवा रावेरहून पुन्हा केळी आली. मी एक सोलून अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही. आधी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"खाऊ ना, भाऊ?"