तिनं नाव घेतलं ती सीडी

शेवटचं काम आमी दोघा नवराबायकोनं मिळून केलं ते शेंगा फोडायचं. दुपारची वेळ, ती सोप्यात भिंतीला टेकून, मी समोर. मधीच म्हणली, लेकीच्या लग्नाची सीडी अजून ट्रंकेत हाय का? मी म्हणलो, असंल, कुठं जाती. एकदा बघायची होती, म्हणली. बघू की, म्हणून मी टरफलं गोळा केली. दोन दिवसांनी छातीत कळ आली आन ती गेली. बघायचं राहिलं.

त्या सीडीत तिनं उखाणा घेतलाय. एवढ्या वर्सांच्या संसारात तिनं माझं नाव तोंडानं घेतलं न्हाई. ‘आवं’ म्हणायची, बास. लेकीच्या लग्नात बायकांनी धरली, शूटिंगवाल्यानं क्यामेरा तोंडापुढं नेला, तवा घेतलं. मी मंडपामागं आचाऱ्यासंगं भांडत होतो. मला ऐकायला मिळालं न्हाई.

आधी त्याची क्यासेट होती. ती लावायचं यंत्र आमच्याकडं कवाच न्हवतं. पुढं शूटिंगवाल्यानंच ती कॉम्प्युटरच्या सीडीवर भरून दिली. मग क्यासेट कशाला, म्हणून मी तिची काळी फीत उपसून जोंधळ्यावर ताणली. वाऱ्यानं गुणगुणती, पाखरं बसत न्हाईत. आमच्याकडं समदेच फीत बांधायचे, पण लग्नाची मीच बांधली. अक्कल न्हाई ती न्हाई.

त्याच साली पोरानं पुण्यासनं जुना कॉम्प्युटर आणला, फोनच्या तारंवरनं नेट घेतलं आन परत नोकरीवर गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, लग्न दाखवा म्हणल्या. सीडी घातली तर चित्र न्हाई, आवाज न्हाई, नुसती इंग्रजी पाटी. ती चालवायला काय लागतंय ते हुडकायला, पोरानं शिकवलं तसं मी नेटवर गेलो. डाउनलोडचं एक मोठं हिरवं बटण आलं, ते दाबलं. झालं. एकावर एक उघड्या बायांची चित्रं. एक बंद केलं की दोन नवी. शेवटी वायर उपटली. बायका वाण घेऊन गपगार निघून गेल्या.

“कळत न्हाई त्याला हात लावू नगा,” एवढंच ती म्हणली. कॉम्प्युटर पुन्हा उठला न्हाई. सीडी ट्रंकेत गेली.

तिचं तेरावं झाल्यावर सीडी घेऊन मी कडेगावला गेलो. तिथं एक बाई ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवती. सीडी घालायचं जुनं यंत्र तिच्याकडं निघालं. फाइल दिसली, पण चालंना. बाई म्हणली, जुन्या पद्धतीची हाय, आताच्या कॉम्प्युटरला उलगडत न्हाई, वेगळा प्लेअर डाउनलोड करते. मी सीडी मागून घेतली.

“काय झालं, काका?”

“डाउनलोड नगं. एकदा केलंय.”

“हिरवं बटण दाबलं आसंल.”

व्हय म्हणलो. ती म्हणली, ते बटण जाहिरातीचं असतं, तिनंबी पहिल्या वर्सी तसंच करून अख्खं दुकान बंद पाडलं होतं. प्लेअर ज्यांनी बनवला त्यांच्याच साइटवरनं घ्यायचा. आन आधी फाइलची नक्कल पेनड्राइव्हवर काढून माझ्या खिशात द्यायची. “मग माझा कॉम्प्युटर मेला तरी तुमचं काय जातंय?”

बोलणं बरोबर होतं. तरी उद्या येतो म्हणून मी घरी आलो. भ्या बटणाचं तेवढं न्हवतं. आत काय राहिलंच नसलं तर? सीडी बंद हाय तवर ती त्यात हाय, असं धरून तरी चालता येत होतं.

सकाळी पहिल्या एसटीनं गेलो. बाई शटर वर करत होती. तिनं आधी पेनड्राइव्हवर नक्कल काढून दिली, ती खिशात घातली, वरनं हात ठेवला आन म्हणलो, “दाब.”

प्लेअर उतरायला लय वेळ लागला. मग मंडप आला, बायका आल्या, ती आली. पदर सावरला, खाली बघितलं आन नाव घेतलं. अख्खं, रावासकट.

परत लावू का, बाईनं विचारलं.

“नगं,” म्हणलो. “आज एवढं बास.”