द्राक्षांचं गाव पाहून घरी आले

"एकदा फ्रान्सला जाऊ. मी गाडी चालवीन, तू नकाशा धर." लग्नानंतर आम्ही सिंगापूरला आलो, तेव्हा माझा नवरा सुधीर म्हणाला होता.

मंडळी, शेवटी मी एकटीच जाऊन आले. त्याला ऐन वेळी रजा मिळाली नाही. आज सकाळी परतले.

डोंगराच्या पायथ्याशी लहानसं गाव, चहूकडे द्राक्षांचे मळे. एका तळघरात चव बघायला वाईन दिली. बाकीचे लोक घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकत होते. मला ते जमेना. कुणी प्रेमानं दिलेलं थुंकायचं कसं? सगळं गिळलं, आणि मग तिथल्या म्हातारीला आमच्या संसाराची हकिगत चक्क मराठीत सांगत सुटले! तिला अक्षरही कळलं नसणार, पण ती खुर्ची ओढून ऐकत राहिली.

ही गंमत सुधीरला कशी सांगायची, हे विमानात मनाशी घोळवत होते. दारातच त्यानं विचारलं, "काय गं, कसं होतं गाव?" मी तोंड उघडलं आणि त्याचा फोन वाजला. बोलत बोलतच तो ऑफिसला गेला.

लेकीनं कॅमेऱ्यातले फोटो भराभर पाहिले. इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नाइस लाह, आई. बट व्हेअर आर यू?"

माझा फोटो काढायला सोबत होतं कोण?

तुमच्याकडेही असंच असतं का हो?

आत्ताच सुधीरला एसएमएस केलाय. मीटिंग आहे म्हणेल, ठाऊक आहे. तरी विचारलंय, "आज लवकर येऊन, फोन घरी ठेवून, माझ्याबरोबर खाली फिरायला येशील?"