पुठ्ठ्याची खुर्ची

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पुठ्ठ्याची खुर्ची करायला लावतो. परीक्षा एकच: तिच्यावर मी बसायचं. माझा देह पाहून मुलं आधीच गार होतात.

काल समीरने आपल्या गटाच्या खुर्चीचं असं रसाळ वर्णन केलं, की मी बसण्याआधीच पूर्ण गुण देणार होतो. वाकलो, तोच वर्षभर तोंड न उघडलेली त्याच्या गटातली वैदेही ओरडली, "सर, बसू नका! मागच्या पायाचा गोंद अजून ओला आहे."

"अगं, गुण जातील ना!" समीर कुजबुजला.

"आणि सरांची कंबर?"

परीक्षा मी एक दिवस पुढे ढकलली. बोलक्या मुलांना आजवर सढळ हाताने गुण देत आलो. गप्प मुलीला किती कळतं, हे समजायला मात्र मला असं अर्धवट वाकावं लागलं.