हॅदरस्टोचं एकुलतं एक गिऱ्हाईक

एनिड बॅगशॉ यांना आयुष्यात एकच हौस होती: आसपासच्या बाजारगावांत उतरून निवांत हिंडायचं. पण नवरा नॉरिस पडला मोटारवाला. गावात शिरणं म्हणजे त्याला पेट्रोलचा अपमान वाटायचा. "ते बघ पेनिंगफर्ड," असं तो बाहेरच्या रस्त्यावरूनच म्हणायचा, आणि बाई मान वळवेपर्यंत पेनिंगफर्ड मागे पडायचं. जन्मभर बाईंनी गावांच्या नुसत्या पाट्या पाहिल्या. मग नॉरिस वारला, मोटार विकली गेली, म्हातारपणाचा फुकट बसपास हातात पडला, आणि एनिडबाई काकडीची सँडविचेस डब्यात भरून निघाल्या.

त्यांच्या खेड्यात बस यायची ती फक्त गुरुवारी. ती हॅदरस्टोच्या चौकात सोडायची, आणि पेनिंगफर्डला जाणारी बस थोड्याच वेळात तिथूनच सुटायची. बाई खाली उतरल्या, तर अख्खा चौक त्यांच्याकडे डोळे लावून उभा.

त्याचं असं होतं, की हॅदरस्टोला कुठल्याशा राजाने बाजाराची सनद देताना हात जरा आखडताच घेतला होता. परगावच्या माणसाने पहिली खरेदी केल्याशिवाय घंटा वाजवायची नाही, आणि घंटा वाजल्याशिवाय बाजार भरला असं धरायचं नाही. बाहेर मोठं दुकान झाल्यापासून परगावचं चिटपाखरूही फिरकत नव्हतं. असंच चाललं तर सनद जाणार होती आणि हॅदरस्टो नुसतं खेडं ठरणार होतं. तिथला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण गावाची पाटी बदलू देणार नाही.

बाईंनी संकोचाने ग्वेन ट्रँटरच्या टपरीवरून चीजचा तुकडा घेतला. घंटावाले मिस्टर ओकली यांनी घंटा बडवली, टाळ्या झाल्या, मग चहा आला. चहाला नाही म्हणायची सोय त्या देशात नाही. तेवढ्यात पेनिंगफर्डची बस गेली.

पुढच्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "मला आज जरा पुढे जायचं होतं."

"अवश्य जा!" ओकली म्हणाले. "आमची मुळीच काळजी करू नका. आम्ही उभे राहू इथे. पावसात. सवय आहे."

"गुडघे तेवढे कुरकुरतात," ग्वेनने पुस्ती जोडली.

यावर कोण जाईल? बाईंनी चीज घेतलं. वर्षं गेली. ते चीज खाऊन शेजाऱ्याचा कुत्रा पिंपासारखा फुगला, पण पेनिंगफर्ड काही दिसलं नाही. एकदा तर बाई मान खाली घालून धावतच सुटल्या. लोकांनी अदबीने वाट करून दिली आणि "जपून हं, निसरडं आहे," म्हणाले. बाई शरमेने परत आल्या.

मग एका गुरुवारी पेनिंगफर्डच्या बसच्या काचेवर कागद दिसला: आजची फेरी शेवटची. बाईंनी ग्वेनने पुढे केलेला चीजचा तुकडा मागे सारला.

"नको," त्या म्हणाल्या. "मला चीज नको. मला ते कधीच आवडलं नाही. मी चालले."

ओकलींनी मयताला काढावी तशी टोपी काढली.

"पुढच्या गुरुवारीही नको?" ग्वेनने विचारलं.

"कधीच नको!"

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" ग्वेन कडाडली. "मला कधीचं बहिणीकडे जाऊन राहायचंय, पेनिंगफर्डला! म्हटलं, ही बाई बिचारी एवढ्या लांबून चीजसाठी येते, तिचा हिरमोड कशाला करा!"

"आणि मी तुम्हा दोघींसाठी घंटा बडवत बसलो," ओकली पुटपुटले. "माझा हा कान गेलाय."

बाईंना हसावं की रडावं कळेना. नुसता संताप आला, स्वतःचासुद्धा. तेवढ्यात बसचं इंजिन घुरघुरलं. ग्वेनने एप्रन फेकला, ओकलींनी घंटा खाली ठेवली, आणि तिघंही धावत दाराशी पोचली.

"आधी तुम्ही," ओकली म्हणाले.

"छे, आधी तुम्ही," ग्वेन म्हणाली.

"असं कसं, बायका आधी."

"तुमचा कान गेलाय, तुम्हीच चढा."

ड्रायव्हरचा हात दाराच्या बटणावर गेला. एनिडबाईंनी एक कोपर ग्वेनच्या बरगडीत मारलं, दुसरं ओकलींच्या पोटात, आणि त्या आत घुसल्या. मागे दार लागलं. ती दोघं बाहेर अजून एकमेकांना वाट करून देत होती.

"पेनिंगफर्ड," बाई धापा टाकत म्हणाल्या, आणि पहिल्याच बाकावर बसल्या.