कडुलिंबाचा धूर, खिडकीखालचे ड्रम

"आता बघा गंमत," असं म्हणून काका पेटत्या गोवरीवर कडुलिंबाचा पाला टाकायचे. गंमत अशी व्हायची, की डास जागच्या जागी आणि आम्ही शेजारी खोकत रस्त्यावर. सिडकोतली आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचा धूर न विचारता माझ्या स्वयंपाकघरात यायचा. "काका, डास पळवताय का शेजारी?" मी ओरडायची. पलीकडून उत्तर यायचं, "लई दिस झाले, दोन्ही बी हटंनात बघा!"

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. जन्म वाळूजच्या कंपनीत मशीनवर गेला, रिटायर झाल्यावर हाताला काम हवं म्हणून काहीतरी उद्योग काढणारा. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण काका डासांच्या मागं लागले त्याला कारण होतं, आणि ते कारण पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर पडून होतं.

काकूंना अर्धांगवायूचा झटका आला होता. एक बाजू पार गेली, दुसऱ्या हाताची बोटं तेवढी हलायची. बोलणंही तुटक, ओढून ओढून. गालावर डास बसला तर त्या नुसत्या बघत राहायच्या. "मेलं तोंडावर बसतंय आन् तिला हाकलता येत नाय," काका म्हणायचे. "याच्यापरीस वाईट काय असतं, सांगा."

कॉईल लावली की काकूंना धाप लागायची. मच्छरदाणी बांधली, तर कोंडल्यासारखं होऊन त्या रडायला लागल्या. काकांनी तिथल्या तिथं दोऱ्या सोडल्या. मग राहिले घरगुती उपाय; धूर करायचा तोही बाहेर अंगणात, काकूंना लागू नये म्हणून.

काय काय केलं नाही या माणसानं! गुलमंडीवरून लवंगा आणि भीमसेनी कापूर आणला. लिंबं कापून त्यात लवंगा खोचल्या आणि पलंगाच्या चारी बाजूंना मांडल्या. संत्र्याची सालं वाळवून जाळली. झेंडूच्या कुंड्या खिडकीत ठेवल्या. एकदा लसूण उकळून ते पाणी घरभर फवारलं. त्या दिवशी आलेले पाहुणे जेवायच्या आशेनं तासभर हलले नाहीत. मी हसून हसून बेजार. काकूंच्या तोंडाची चांगली बाजूसुद्धा जराशी वर गेली. काका तेवढ्यावर खूश.

उपाय खोटे नव्हते हो. धुरानं घटकाभर डास पळायचे, मग परत यायचे. कारण ते लांबून कुठून येतच नव्हते. काकूंच्या खिडकीखालीच काकांचे पाण्याचे ड्रम होते, निळे, ओळीनं मांडलेले. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं, कधी त्याहून उशिरा. साठवल्याशिवाय कुणाचंच भागत नाही. आणि त्या घरात तर अंथरुणावरचं माणूस. रोज चादरी धुवायच्या, दोनदा अंग पुसायचं. आमच्या दुप्पट पाणी लागायचं त्यांना.

टॉर्च घेऊन तपासणीला येणाऱ्या महापालिकेच्या ताईंनी ड्रममध्ये वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. "काका, हे आत्ताच्या आत्ता ओता."

"ओततो," काका म्हणाले. "मग हिला कशानं धुऊ? नळ कधी येतो, तुम्ही सांगता का?"

ताईंनी वहीत नोंद केली आणि पुढच्या घरी गेल्या. काकांनी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतलं, ड्रम घासले, तेच पाणी परत भरलं. तोंडाला जुन्या साडीचं कापड दोरीनं आवळून बांधलं. पण दिवसातून दहादा पाणी काढायचं म्हटल्यावर कापड किती वेळ आवळलेलं राहणार? गप्पी मासेही आणून सोडले. नळ लांबला की ड्रमचा तळ लागायचा आणि मासे मरायचे.

संध्याकाळी ते काकूंच्या हातापायांना खोबरेलात कडुलिंबाचं तेल मिसळून चोळायचे. मग स्वतः बनियनवर, उघड्या दंडांनी, टॉवेल हलवत शेजारी बसायचे. दंडांवर लाल गांधी उठलेल्या.

"अहो, तेच तेल जरा तुम्हीही लावा की," मी चिडून म्हणायची.

"मला कशाला? मला हात हायेत की हाणायला."

श्रावणात त्यांना ताप भरला. गोळी घेऊन ते पुन्हा टॉवेल घेऊन बसले. दवाखान्याचं नाव काढलं की एकच, "हिच्याजवळ कोन बसंल?" शेवटी उभं राहता येईना तेव्हा मी पुण्याहून त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं. रक्त तपासलं, डेंगू निघाला. दवाखान्यात जाताना काकांनी मला तेलाची बाटली दाखवली. "कानामागं लावायचं इसरू नका," एवढं म्हणाले आणि रिक्षात बसले.

काकूंजवळ मी बसले. धूर केला तर मलाच खोकला. तेल चोळलं. डास होतेच.

एका दुपारी मुलाचा फोन आला. मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन घेतला. "बाबा गेले," तो म्हणाला. "आईला मी येऊन सांगतो. तोवर बोलू नका काही."

तोंडावर पाणी मारून मी आत आले. टॉवेल उचलला आणि डास हाकलायला लागले. काकू माझ्याकडं बघत होत्या. काय करावं माणसानं अशा वेळी?

"त्येंच्या... जवळ," एकेक शब्द ओढत त्यांनी विचारलं, "कोन... हाय?"

"मुलगा आहे ना, काकू."

"डास... हाकलतो?"

"हाकलतो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण ओठ पुन्हा हलले.

"उठवू... नको म्हनावं. लई दिस... झोपलं न्हाईत ते."