परब आजींचं ताट

"मॅडम, नळी घालू की नको, तेवढं सांगा," दिगंबर परब माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांची आई आठवडाभर शीवच्या एका केअर होममध्ये होती आणि तोंडात घास घेत नव्हती. होमच्या डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, रायल्स ट्यूब घाला, नाहीतर पेशंटला घेऊन जा.

रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटापर्यंत जाणारी बारीक नळी. तिच्यातून पातळ अन्न सोडतात. नळी काही वाईट नाही, कित्येकांचा जीव तिच्यावर तगतो. पण ज्यांना नीट समजत नाही अशी म्हातारी माणसं ती उपसून काढतात, आणि मग कधीकधी त्यांचे हात बांधून ठेवतात. हे हात बांधण्याचं परबांना कोणीतरी सांगितलं होतं. तिथंच त्यांचं घोडं अडलं होतं.

मी तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर होते. आम्ही औषध देत नाही, सुई टोचत नाही. पेशंटला डिस्चार्ज मिळताना घर त्याला पेलणार आहे का, ते बघतो. पेलणार नसेल तर पर्याय सुचवतो.

परब आजी खुब्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या. लालबागच्या चाळीत त्यांची खानावळ होती. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवायचे. गिरण्या गेल्या, खानावळ गेली. आता आजींची आठवण दगा देऊ लागली होती. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. दुपारी एकट्या असताना आजी मोठ्या टोपात भात चढवायच्या आणि गॅस विसरून दारात जाऊन बसायच्या. असं दोनदा झालं, मग त्या पडल्या. त्यांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. त्यात लाजण्यासारखंही काही नव्हतं, पण दिगंबर लाजत होते.

मी त्यांना दोन होम सुचवली होती. शीवचं एकदम चकाचक. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, उशाशी बेल, गरम ताट खोलीत. वडाळ्याचं जुन्या इमारतीत. एका खोलीत चौघीजणी, आणि भिंतींना रंग कधी लावला होता देव जाणे. माणसं मात्र बरी. माझा रिवाज असा की नावं मी देते, निवड घरच्यांनी करायची. परबांनी शीव निवडलं. चारचौघांत सांगायला ते बरं पडतं, हे मलाही कळत होतं. होमने ट्रायल स्टे दिला होता, म्हणजे थोडे दिवस राहून बघायचं आणि जमलं तर कायमचं.

आजी काही बोलतात का, मी विचारलं.

"तेच आपलं. माणसां जेवली काय, माणसां जेवली काय. सिस्टर म्हणतात, हो आजी, जेवली. मग गप बसते. पण घास पुढे केला की तोंड फिरवते. माझा हातसुद्धा ढकलते, मॅडम."

हे आमच्या वॉर्डातही सगळ्यांनी ऐकलं होतं. डॉक्टरांनी त्याला कन्फ्युजन म्हटलं होतं, आणि ते चूकही नव्हतं. बाई बंद पडलेल्या खानावळीतल्या माणसांची चौकशी करत होती. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की ही बाई खानावळीत स्वतः जेवायची कधी? तसं मी विचारलं, तेव्हा दिगंबर खुर्चीवर बसले.

एक पंगत उठायची, दुसरी बसायची. पाळी सुटली की आणखी माणसं यायची. सगळी जेवून गेली की मग आई टोपाच्या तळाचा भात आणि उरलेली आमटी घेऊन चुलीपाशी बसायची. काही वेळा आमटी नुसती पाणीच असायची. लहानपणी दिगंबरनी हे रोज पाहिलं होतं.

"आयुष्यभर शेवटी जेवली, मॅडम. म्हणून मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या आईचं ताट पहिलं आलं पाहिजे."

हॉस्पिटलात त्यांनी तेच सांगितलं होतं आणि होममध्येही. सगळ्यांनी बिचाऱ्यांनी ते पाळलं होतं. वॉर्डात निदान शेजारच्या खाटांवरची माणसं जेवताना दिसायची, म्हणून चार घास जायचे; शीवला खोलीत आजी एकट्याच होत्या. इतक्या प्रेमाने कोणी आईला उपाशी ठेवलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

आम्ही टॅक्सी करून शीवला गेलो, ते बरोबर जेवणाच्या वेळेला. ताट आलं. आजींनी भिंतीकडे तोंड केलं. मी दिगंबरना म्हटलं, हे तुम्ही जेवा.

"आईचं ताट मी कसं खाऊ?"

"त्यांच्यासमोर बसून खा. सावकाश."

ते बसले. पहिला घास घेतला तसं आजींनी वळून पाहिलं. मग त्या ताटाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने बोट दाखवून म्हणाल्या, "आमटी घे." मग म्हणाल्या, "भात घे आनी." दिगंबरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आज्ञाधारक मुलासारखे जेवत होते.

"पोट भरलां?"

त्यांनी मान हलवली. आजींनी ताट स्वतःकडे ओढलं, उरलेला भात कालवला आणि आपल्या हाताने खाल्ला. चार-पाच घासच असतील. मला रडू आलं, आणि नोकरीत असताना रडू नये असं मला कधीच वाटलेलं नाही.

होमच्या मॅनेजर बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. भल्या बाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, की त्यांच्याकडे ताटं खोल्यांतच जातात आणि रोज कुणी आजींसमोर बसून जेवणं जमणार नाही. वडाळ्याला हॉलमध्ये लांब टेबल होतं आणि तिथे सगळे एकत्र जेवत. मी तसं दिगंबरना सांगितलं. जिना उतरता उतरता ते थांबले.

"म्हणजे तिथेही हिला शेवटीच वाढायचं? लोकांचं सोडा, मलाच कसंतरी होतं."

"तो कमीपणा तुम्हाला वाटतो, परब," मी म्हटलं. "त्यांचा तो मान होता. आपल्या हातून सगळ्यांना पुरलं, हे बघितल्यावरच त्यांच्या घशाखाली घास उतरायचा."

दुसऱ्या दिवशी आजी वडाळ्याला गेल्या. तिथल्या मावशींनी त्यांना टेबलाच्या टोकाला बसवलं. बाकीच्यांची ताटं रिकामी होत आली की आजींचं ताट यायचं. नळी घालावी लागली नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आठवण जायची ती जातच राहिली. पुढे पुढे त्या मुलालाही ओळखेनाशा झाल्या. दिगंबर दर रविवारी जेवणाच्या वेळेला जायचे. आजी त्यांना गिरणीच्या कुठल्याशा खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, समजून पोटभर जेवायला लावायच्या आणि मग स्वतः जेवायच्या.

आता मी रिटायर झाले आहे, तरी ओळखीचे लोक होमबद्दल विचारायला येतात. लिफ्ट आहे का, कॅमेरे आहेत का, डॉक्टर किती वेळा येतो. बरोबर आहे, विचारायलाच हवं. मग मी त्यांना विचारते, तुमचं माणूस घरी कधी जेवतं, कुणाबरोबर, कुणानंतर? मुलगे जरा विचार करतात, मग खिशातून मोबाईल काढून घरी फोन लावतात. बायकोला.